चौदा हात केबिन

रत्नागिरीत आगगाडी नव्हती, पण मिरजोळ्याच्या भागोजीच्या पडवीत होती. मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे रूळ, चहाच्या खोक्यांच्या फळ्यांचे डबे, आणि ढकलायला स्वतः भागोजी. घाटावरच्या एका स्टेशनाच्या केबिनीत तीस वर्षं सिग्नलचे दांडे ओढून तो घरी आला, पण गाडी काही त्याच्या डोक्यातून उतरली नाही. बायको आंबापोळी वाळत घालायला निघाली की म्हणायचा, "थांब, पॅसिंजर जाऊं दे." सखू त्या पॅसिंजरवरून सरळ पाय टाकून जायची.

छप्पन्न साली कमालचं कार्ड आलं. कमाल म्हणजे केबिनीतला जुना सोबती. त्यानं कळवलं होतं की आपली जुनी केबिन आता पाडणार. भागोजीला दोन दिवस अन्न गोड लागेना. निदान कागदावर तरी ती राहिली पाहिजे, म्हणून त्यानं सखूला बरोबर घेतलं आणि एस.टी. गाठली. मापाची टेप मात्र त्या एस.टी.तच राहिली. अशा घाईत दुसरं काय होणार!

"घर बांधताना मोजतो तसं मोजू," भागोजी म्हणाला. म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तो शिडीवर चढून उंची मोजू लागला. खाली सखूनं पदर खोचून लांबी मोजली. चौदा हात भरली.

घरी येऊन त्यानं आठ दिवस पट्टी-पेन्सिल घेऊन चित्र काढलं. पण त्यात केबिन लांबच लांब आणि बुटकी झाली. शेजारचा केरू सुतार बघून म्हणाला, "गोठा झ्याक हाय, दादा. बैल किती बांदायचे?"

भागोजी सखूवर उखडला. "तुला धड मोजता येत नाय!" जिनं जन्मभर शेकड्यांनी आंबे मोजून विकले, एका फळाची कधी चूक केली नाही, तिला हे बोलणं! सखूनं ताट वाढलं आणि पाठ फिरवली. चार दिवस अबोला. त्यातच कमालचं दुसरं कार्ड आलं, केबिन पाडली. भागोजी पडवीत बसून खरोखर रडला. उभ्या उमेदीची खूण म्हणून हाती काय उरलं, तर गोठा.

पाचव्या दिवशी सखू मांडवासाठी वासा मोजत होती. सहा हात. ती आत गेल्यावर भागोजीनं तोच वासा मोजला. पाच! सखूचा हात त्याच्या हाताहून आखूड होता. गावात घर मोजतो तो एकटा घरधनी, म्हणून एका घराला एकच हात. दोघांच्या हातांनी घर मोजायचं शहाणपण आजवर त्याच्याशिवाय कोणी केलं नव्हतं.

तो कागद घेऊन चुलीपाशी गेला. "सखू, चुकलो. तुजं चवदा बराबर हाय. जरा हात दे."

"केबिन तर गेली. आता हात कशाला?"

"तेवडंच माप उरलंय."

सखूनं हात पुसला आणि कोपरापासून कागदावर टेकवला. भागोजी कडेनं पेन्सिल फिरवू लागला. तीस वर्षं तो शिमग्या-गणपतीला पाहुण्यासारखा येऊन गेला होता. हा हात इतका खरबरीत कधी झाला, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"झालां काय माप?" सखूनं विचारलं.

"नाय," तो म्हणाला, "परत घेतो."