एक न मारलेली थाप

लांज्यात मला थापाड्या म्हणतात, आणि ते खरं आहे. काजूच्या बागेत बिबळ्याच्या कानफटात मारल्याची माझी गोष्ट एस.टी. स्टँडवर रोज चालते. चहावाला सदू विचारतो, "काय फौजी, आज केवढा झाला बिबळ्या?" दर वेळी तो वीतभर वाढलेला असतो.

आफ्रिकेतल्या एका देशात आमची कंपनी शांतिसेनेत होती. मी नायब सुभेदार. दर सोमवारी गावात जाऊन फॉर्म भरायचा : इथं कत्तलीचा धोका किती? ठरलेल्या खुणांपैकी तीन जुळल्या तर लाल, म्हणजे गावात कायमची चौकी. दोन जुळल्या तर पिवळा, म्हणजे सोमवार-गुरुवार गस्त. असे फॉर्म जोडून वरचे साहेब देशाचा धोका ठरवायचे.

आमचा दुभाष्या योसेफ. बिबळ्याच्या गोष्टीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्या सोमवारी, ११०० वाजता, त्याच्याच गावात दोन खुणा जुळल्या. त्याच्या जमातीला बाजारात माल मिळत नव्हता. शेजारी त्यांना उघडपणे वाळवी म्हणत होते.

मग त्याच्या आईच्या, मार्थाच्या, चुलीवर मी बियाण्याचा भुईमूग शिजताना पाहिला. पेरणी पंधरा दिवसांवर होती. मी शेतकऱ्याचा पोर. आपण पेरणी बघणार नाही असं वाटल्याशिवाय कुणी बी शिजवत नाही. पण बियाण्याचा रकाना फॉर्मवर नव्हता.

योसेफ हळूच म्हणाला, "साब, तिसरी खूण लिही. बंदूकवाले दिसले."

"दिसले नाहीत."

"बिबळ्या तरी कुठं दिसला होता?"

जवान हसले. मीही हसलो.

"हा फॉर्म आहे, योसेफ. गोष्ट नाही."

रेडिओवर कंपनीला बियाण्याचं सांगून लाल लिहू का विचारलं. साहेबांनी आमच्या गस्तीला, ब्राव्हो टूला, उलट विचारलं.

"ब्राव्हो टू, बियाण्याचा रकाना कुठला? ओव्हर."

"रकाना नाही, सर. ओव्हर."

"मग पिवळा. आउट."

मी पिवळा लिहिला. आईला सोडून येत नाही म्हणून योसेफ गावातच राहिला.

गुरुवारी ०६४० ला गस्त पोचली. गावात आवाज नव्हता. मार्थाचं भांडं चुलीवर तसंच होतं. योसेफ दारात आडवा पडला होता, आई आत. दुपारपर्यंत आम्ही खड्डे खणले.

पुढच्या सोमवारी फॉर्म लाल झाला. चौकी बसली. राखायला माणूस उरला नव्हता.

आता हायस्कुलात बोलावतात. मुलं विचारतात, सध्या कुठल्या देशांना धोका आहे? मी सांगतो. यादी दर वर्षी लांबते. रकाने तेच आहेत.

आयुष्यभर फुकटच्या थापा मारल्या. एकच कामाची होती, ती मारली नाही.

सदू अजून विचारतो. बिबळ्या अजून वाढतो. योसेफ बत्तीस वर्षांचाच आहे.