एका पानावरचे तीन संतोष

मोरिवलीच्या त्या पाटल्यांचं प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. संतोष हे नाव बदललेलं आहे. खरं नावही असंच, गल्लीत हाक मारली तर चौघे वळून बघतील असं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. त्यामुळे पोलीस ठाण्यात आल्यावर आधी पेपर पूर्ण वाचायचा ही सवय. त्या दिवशी एकाच पानावर तीन संतोष होते. बदलापूरच्या संतोषनं कबड्डीत बक्षीस मिळवलं, उल्हासनगरचा संतोष बनावट दारूत सापडला आणि अंबरनाथच्या कंपनीत संतोष नावाचा कामगार भाजला.

दुपारी मोरिवलीची एक म्हातारी मुलीला घेऊन तक्रार द्यायला आली. तिचा मुलगा संतोष अंबरनाथच्याच एका केमिकल कंपनीत कामाला. सकाळी मास्क लावलेला एकजण दारात आला, जयभीम म्हणाला, पेपरातली ती बातमी दाखवली. तुमचा संतोष भाजलाय, दवाखान्यात लगेच डिपॉझिट भरायचंय. बाईनं मुलाला फोन लावला, पण कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करतात. फोन कोण उचलणार? तिनं मुलीच्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या काढून दिल्या. लग्न महिन्यावर आलेलं.

संध्याकाळी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या माझ्या ओळखीच्या सोनाराचा फोन आला. "साहब, एक आदमी पाटल्या घेऊन आला होता. बोलला, मी संतोष, मोरिवलीचा, आईच्या पाटल्या आहेत. बिल मागितलं तर सटकला."

ही खबर मुलीच्या कानावर घातली. ती म्हणाली, "दादाला माझं हे लग्न नकोच होतं, साहेब."

आता संतोषवरचा आमचा संशय पक्का झाला. संतोषला बोलावून घेतलं. कंपनीत त्याची हजेरी लागलेली होती, पण माणूस दुसऱ्यालाही पाठवू शकतो. तासन्‌तास तेच प्रश्न उलटसुलट विचारले. त्याची उत्तरं बदलली नाहीत. शेवटी त्यानं एकच विचारलं, "माझं नाव बहिणीनं घेतलं का?" मी समोरचा जबाबाचा कागद उलटा ठेवला. त्याला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीचा पुरवणी जबाब घेतला. तो माणूस नेमकं काय बोलला, शब्द न्‌ शब्द सांगा, म्हटलं. ती सांगू लागली, "म्हणाला, मी संतोषच्या कंपनीतला." आणि मध्येच थांबली.

"काय झालं, मावशी?"

"कंपनीतला माणूस त्याला संतोष कशाला म्हणेल? घरात, कंपनीत, सगळीकडं तो बाळूच."

"मग संतोष कोण म्हणतं?"

"कोणी नाही. तो पार्सलवाला तेवढा."

पार्सलवाल्याला सगळं ठाऊक असतं. कागदावरचं नाव, दिवसा घरात एकटं कोण, भिंतीवर फोटो कुणाचा. त्या भागात पार्सल देणारा एकजण नुकताच काम सोडून गेला होता. आमच्या पथकानं त्याला सोनिवलीत भाड्याच्या खोलीतून उचललं. पाटल्या पिठाच्या डब्यात निघाल्या. आधी साळसूदपणाचा बराच आव आणला, मग म्हणाला, "साहेब, पेपरात रोज कोणी ना कोणी संतोष असतोच. आणि माझ्या पार्सलांतही असायचा." त्याचं स्वतःचं नाव भलतंच होतं.

संशय घेणं ही माझी नोकरी होती, त्याची लाज मला वाटत नाही. पण पोलिसाचा संशय तपास संपला की फाइलबरोबर बंद होतो. घरातल्या माणसाचा कुठे बंद करायचा, ते कायद्यात लिहिलेलं नाही. हे मला त्या भावाबहिणीनं शिकवलं.

कोर्टाच्या हुकमानं लग्नाच्या आधी मुद्देमाल परत मिळाला. तो न्यायला तिघंही आली, पण बाळू ठाण्याच्या फाटकाबाहेरच थांबला. बहीण बाहेर जाऊन म्हणाली, "दादा, चल ना आत."

"जा, सही करून घे," तो म्हणाला. "मी नको. तिथं माझं नाव संतोष आहे."