समईसाठी लावलेली खिडकी

आम्हा कोकणातल्यांच्या घरी गणपती आला की पंखा बंद. समई विझायला नको ना! बोरिवलीच्या आमच्या वन रूम किचनमध्ये तर खिडकीही लावून घ्यायची, कारण वारा नेमका तिथूनच येतो.

बाबा गिरणी कामगार. कापसाच्या धुळीने त्यांची छाती कायमची कामातून गेलेली, जिना चढले की धाप लागायची. त्या मोठ्या साथीत आम्ही त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं आणि ते वाचले. मग सगळेच निर्धास्त झालो.

गेल्या गणपतीत आरतीला घाटकोपरचा चुलतभाऊ आला. नाक गळत होतं, पण माणूस समजूतदार. साबणाने हात धुतले, प्रसादाच्या ताटाला शिवला नाही, दाराशीच उभा राहिला. "काका, लांबूनच पाया पडतो हां," म्हणाला. आम्हाला वाटलं, झाली काळजी घेऊन.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, घामाच्या धारा लागलेल्या. मी खिडकीकडे हात नेला तर बाबा खेकसले, "रे, उघडू नको! दिवो इझतलो." मग एकामागून एक आरत्या, त्याही बेंबीच्या देठापासून. हळू आवाजात आरती म्हणणं आमच्याकडे कुणाला जमतच नाही. भावाचाही आवाज खणखणीत लागला होता.

गणपती गेले आणि घरात खोकला सुरू झाला. आम्ही बरे झालो, बाबांना मात्र अ‍ॅडमिट करावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं.

"साधा फ्लूच आहे, पण त्यांच्या छातीला तोही झेपत नाहीये. हात धुतलेत ते ठीक. पण मोठ्याने गाताना श्वासातून विषाणू बाहेर पडतात, ते बंद खोलीत हवेतच राहतात. खिडकी उघडी हवी होती."

मला त्या समईचा राग आला. देवापुढच्या दिव्याचा इतका राग येऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

बाबा घरी परतले नाहीत.

त्यांच्या जागेवर पिठावर दिवा ठेवला. भेटायला येणाऱ्यांनी खोली पुन्हा भरली. ज्योत थरथरली तशी आत्या खिडकी लावायला उठली.

"उघडी ऱ्हवांदे," आई म्हणाली.

"गे वैनी, दिवो इझतलो."

"इझांदे."