गोड आवाजाची नोकरी

भाषेच्या दोन पदव्या घेऊन त्याला मोठ्या इस्पितळात फोन उचलायची नोकरी लागली, तीही कंत्राटी. कायम नोकरीवाल्यांकडे डॉक्टरांचे थेट नंबर असत. कंत्राटी माणसाने आजारी पडायचं तर चारचौघांसारखा चौकशीला फोन करायचा. तरी आपल्या उच्चारांवर तो खूश असे, कारण दुसरं कुणी खूश नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी मूतखड्याची कळ आली. गडाबडा लोळतच त्याने चौकशीचा नंबर फिरवला.

"अहो, काय म्हणतायत?" बायकोने विचारलं.

"आपलं आरोग्य आमच्यासाठी मोलाचं आहे, कृपया थांबा."

"असं कोण म्हणतंय?"

"मीच. गेल्या वर्षी रेकॉर्ड करून घेतलं होतं," तो कण्हत म्हणाला. "उच्चार मात्र स्वच्छ आहेत."