शांताच्या जबड्यातला अंगठा

माझा उजवा अंगठा एकदा बायकोच्या तोंडात पाऊण तास अडकला होता. ती चावली नव्हती. (चावली असती तर लोकांना निदान कारण तरी सांगता आलं असतं.)

शांताचा जबडा महिनाभर आखडला होता. तोंड जेमतेम अंगठा जाईल एवढं उघडायचं, कानापाशी कट्‌कट वाजायचं. भाकरी बंद. पेज पिऊन पिऊन बाई अर्धी झाली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मला भीती वाटायची, पण ती कुणाला सांगणार? तेव्हा आम्ही वाशीला नवीन होतो. दातांच्या डॉक्टरांनी बाजारापलीकडे व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. त्यांनी मला करून दाखवलं. आधी गरम फडक्याने गाल शेकायचे, मग हलके चोळायचे, मग अंगठा खालच्या दाढांवर ठेवून जबडा अलगद खाली दाबायचा. पाच वेळा. बस.

मी रबाळ्याच्या कारखान्यात फिटर. शिक्षण चौथी. गंजलेला नट पाच हिसक्यांत सुटत नाही, हे मला वीस वर्षांपासून ठाऊक. बाई तरुण, त्यांना काय अनुभव! म्हणून शेकणं मी रद्द केलं आणि पाचाचे पन्नास ठरवले.

तिसाव्या दाबाला जबड्याने मला धरलं.

ओढावा तर शांता कळवळायची, न ओढावा तर मी. आवाज ऐकून खालच्या म्हात्रेवहिनी वर आल्या. दारातच थांबल्या.

"भावजी, काय करताव तुमी?"

"व्यायाम," मी म्हटलं.

वहिनींनी तेल आणलं, बर्फ आणला, शेवटी चार बायका आणल्या. प्रत्येकीने वाकून आत पाहिलं. अंगठा तिथेच. मग बाईंकडे निघालो. दोघं समोरासमोर तोंड करून, खेकड्यासारखे आडवे, भर बाजारातून. भाजीवाल्याने माप अर्धवट सोडलं. आमचा फोरमन सायकलवरून उतरला, दोनदा नीट पाहिलं आणि पुन्हा चढला. शांताच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुखण्याचं की लाजेचं, मी विचारलं नाही. विचारून ती सांगणार कशी?

बाईंनी आधी मला गप्प बसवलं. मग गरम फडकं शांताच्या गालांवर धरलं, हळूहळू चोळलं, तिला नाकाने लांब श्वास घ्यायला लावला. दहा मिनिटं काही नाही. मग जबडा असा सैल पडला, जसं कधी काही झालंच नव्हतं. अंगठा बाहेर आला. तोंड आणखी थोडं उघडलं. महिन्यात पहिल्यांदा मला तिची जीभ दिसली.

"किती वेळा सांगितलं होतं?" बाईंनी मला विचारलं.

"पाच."

"मग?"

मी अंगठा सदऱ्याला पुसला. पुढचे दोन महिने व्यायाम शांताने एकटीने केला, स्वयंपाकघराला आतून कडी लावून. भाकरी खायला लागली.

पण त्या दिवशी जबडा सुटल्यावर तिचा पहिला प्रश्न असा होता, "अहो, हात धुतले होते ना?"

अंगठा घातला तेव्हा मी नुकतीच सायकलची चेन बसवून आलो होतो. "हो," म्हणालो.

ती गेली त्याला आता दोन वर्षं झाली. एकदा तरी खरं सांगायला हवं होतं. चार शिव्या ऐकायला मिळाल्या असत्या.