खडूमामांचा चौकोन

खडूमामांना कागदावर विचार करता येत नसे. त्यांना फरशी लागायची. वाळूजच्या आमच्या कारखान्यात एखादं मशीन अडलं की ते आधी त्याच्याभोवती एक फेरी मारत, मग खिशातला खडू काढून उकिडवे बसत आणि फरशीवर रेघा ओढायला लागत. मशीनचं तोंड, आत अडकलेला भाग, तो कुठून कुठे जायला हवा त्याचे बाण. मध्येच तळहातानं अर्धं चित्र पुसायचं आणि पुन्हा काढायचं. फिटरच्या निळ्या शर्टाच्या खिशाला कायम पांढरा डाग. हजेरीपटावर त्यांचं नाव काहीही असो, सगळा कारखाना त्यांना खडूमामाच म्हणे.

गंमत अशी की आमच्याकडे फरशीवर काहीही काढायला बंदी होती. हिरवीगार, चकचकीत फरशी; तिच्यावर पिवळे पट्टे; माणसांनी कुठून चालायचं, डबे कुठे ठेवायचे, सगळं त्या पट्ट्यांनी ठरवलेलं. पाळी बदलताना फरशी पुसायचं यंत्र घरघरत फिरे आणि मामांनी सकाळपासून चालवलेलं डोकं पाच मिनिटांत धुऊन जाई. हळहळ मला वाटायची, त्यांना नाही. "पुसलं तर पुसू द्या, ताई," ते म्हणत. "खरं असंल ते उद्या पुन्हा सुचतंय. नाय सुचलं, तर ते कामाचंच नव्हतं."

मी तेव्हा गुणवत्ता विभागात नुकतीच लागले होते. पहिली नोकरी, कोरे करकरीत सेफ्टी बूट आणि डोक्यात सगळे नियम कलमांसकट पाठ. मामा आणि मी दोघंही छावणीच्या थांब्यावर कंपनीच्या बसमध्ये चढायचो. ते मूळचे पिशोरकडचे. वडिलांनी आयुष्यभर मेंढरं राखली, धाकटा भाऊ अजून राखतो. मामा तेवढे आयटीआय करून शहरात आले आणि छावणीत खोली घेऊन राहिले. बसमध्येही ते खिडकीशी बसून काचेवरच्या धुळीत बोटानं काहीतरी गिरवत असत. त्यावरून ड्रायव्हरनं त्यांना दोनदा टोकलं होतं.

कारखान्यात सूचनांची एक पेटी होती. प्रत्येक कामगारानं महिन्याला दोन सुधारणा सुचवायच्या, त्या छापील फॉर्मवर लिहून पेटीत टाकायच्या, असा दंडक होता. लोकही बेरकी. एका महिन्यात लिहायचे, डब्यांना निळा रंग द्यावा. पुढच्या महिन्यात लिहायचे, निळ्या डब्यांना पिवळा रंग द्यावा. त्यांची नावं फलकावर हिरव्या शाईनं लागत. मामांच्या नावापुढे मात्र दर महिन्याला लाल शून्य. ही यादी करायचं काम माझ्याकडे होतं. एकदा बसमध्ये मी त्यांना विचारलं की तुम्हाला दिवसभर इतकं सुचतं, मग दोन ओळी लिहून का टाकत नाही? ते म्हणाले, "महिन्याला मोजून दोन अंडी द्यायला मी काय कोंबडी हाय का?" मी पोट धरून हसले, आणि कारखान्यात पोचल्यावर नेमानं लाल शून्य लिहिलं.

तिसऱ्या लाइनवर रेखाताई होत्या. त्यांच्यासमोर एका उतरत्या पन्हळीतून बुश घरंगळत यायचे. बुश म्हणजे करंगळीएवढी लोखंडी नळी. पन्हळीचं तोंड अरुंद; तीन-चार बुश एकदम आले की तिथे एकमेकांत अडकून बसत. मग रेखाताई बोटं घालून ते मोकळे करत, आणि पत्र्याची धार बोटांना लागे. त्यांच्या एका ना एका बोटाला पट्टी ठरलेली. नवं यंत्र आणायचा प्रस्ताव कुठल्याशा टेबलावर पडून होता.

एका सकाळी मामा त्या पन्हळीखाली फरशीवर बसले ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहते तर पन्हळीच्या तोंडाच्या जरा अलीकडे, मधोमध नव्हे तर किंचित बाजूला, एक बोल्ट उभा. सगळे हसले. वाट आधीच अडते आहे आणि या माणसानं तिथेच आडकाठी घातली. पण बुश त्या बोल्टला वळसा घालून निमूट एकामागून एक तोंडातून पडू लागले. आठवडाभरात रेखाताईंच्या बोटांवरची पट्टी गेली.

हे कसं सुचलं, असं मी विचारलं. मामांनी खडू खिशात ठेवला. "मेंढरं कोंडायच्या वाडग्याचं दार अरुंद असतंय, ताई. समदी मेंढरं एकदम घुसली की दारातच गच्च होत्यात. आमचा बाप दाराच्या म्होरं, जरासा बाजूला, काठी टेकून उभा राहायचा. हाकलायचा नाय, वरडायचा नाय. नुस्ता उभा. मेंढरं त्याला वळसा घालायची अन् एकेक करून आत जायची." मग बोल्टवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो आमचा बाप हाय."

यानंतर मी जे केलं ते सांगायची मला आजही लाज वाटते. गिऱ्हाईक कंपनीचे तपासनीस येणार होते. आदल्या दिवशी तपासणीची यादी घेऊन मी लाइनवरून फिरले. बोल्ट मंजूर ड्रॉइंगमध्ये नव्हता. तो कोणी बसवला, कशासाठी बसवला, त्यानं कोणाची बोटं वाचली, सगळं मला ठाऊक होतं. तरी मी त्याला लाल पट्टी बांधली आणि लिहिलं, 'मंजुरी नसलेला बदल'. कोणी सांगितलं नव्हतं; मंजुरीचा कागद फिरवायचं मीच मनावर घेतलं असतं तर चाललं असतं. मला सुचलंच नाही. मामांना मेमो मिळाला. त्यांनी तो घडी करून खिशात खडूशेजारी ठेवला, स्वतःच्या हातानं बोल्ट काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "असू द्या तुमच्यापाशी. लागंल तवा द्या."

तपासनिसांनी आमचं कौतुक केलं. चौथ्या दिवशी पन्हळ अडली, रेखाताईंनी सवयीनं हात घातला आणि मधलं बोट फाटलं. टाके पडले. संध्याकाळी बसमध्ये मामा खिडकीशी बसले होते आणि काचेवर भरपूर धूळ असून त्यांनी एक रेघही काढली नाही. त्या प्रवासात मी स्वतःवर जेवढी चिडले तेवढी कधी कोणावर चिडले नसेन.

दुसऱ्या दिवशी मी बसमध्येच बदलाच्या मंजुरीचा फॉर्म भरायला घेतला. मामा सांगत होते, मी लिहीत होते. एक चौकट होती, 'कल्पनेचा आधार'. तिथे मी त्यांच्या तोंडचंच लिहिलं: मेंढरांचा वाडगा, वडील दारात उभे राहत. कागद परत आला. आमचे उत्पादन व्यवस्थापक वाईट नव्हते. त्यांनी हसत सांगितलं की गिऱ्हाईकही हे वाचणार, तेव्हा जरा शोभेल असं काही लिहा. मामांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "बाप खोडायचा असंल तर बोल्ट बी नगं."

मी तोच कागद अक्षरही न बदलता पुन्हा पाठवला. तो पुन्हा परत आला. मग मी व्यवस्थापकांनाच पन्हळीपाशी घेऊन गेले. शेजारी रेखाताई टाके घातलेलं बोट वर धरून उभ्या. आधी बोल्टशिवाय बुश ओतले, मग बोल्ट बसवून ओतले, मग पुन्हा काढून. साहेबांनी शेवटी स्वतःच ट्रे उचलून ओतला. अर्धा तास ते लहान मुलासारखे तिथे रमले आणि तिथेच पन्हळीवर कागद ठेवून सही केली. ड्रॉइंगवर बोल्टला भारदस्त इंग्रजी नाव मिळालं, पण चौकटीतली मेंढरं राहिली. आज तो बोल्ट सगळ्या लाइनींवर आहे.

मामांना स्टीलचा थर्मास मिळाला, फलकावर फोटो लागला. फोटोच्या बाजूलाच माझी यादी, त्यांच्या नावापुढचं लाल शून्य तसंच; मंजुरीचा कागद पेटीतून थोडाच गेला होता. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्ही कौतुकानं दाखवत. ती यादी बंद करून घ्यायला मला पुढे बरीच वर्षं लागली. आणि त्याहून जास्त वर्षं लागली एका चौकोनाला. तिसऱ्या लाइनशेजारी चार फूट लांब, चार फूट रुंद जागा हवी, तिथे कोणीही खडूनं काहीही काढावं आणि पुसायचं यंत्र तिथे फिरू नये, एवढीच माझी मागणी. यासाठी किती बैठका झाल्या ते सांगत नाही, तुम्ही हसाल. मामांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात तो चौकोन पिवळ्या रंगानं आखून झाला.

निरोपाच्या दिवशी हार, शाल, नारळ झाल्यावर मी त्यांना तिथे घेऊन गेले. त्यांनी चौकोनाभोवती फेरी मारली, अगदी अडलेल्या मशीनभोवती मारावी तशी. "जागा दिली, लई चांगलं केलं," ते म्हणाले. "पण रेघ मारल्याबिगर तुमाला राहवलं नाय." मग शालीसकट उकिडवे बसले. रेखाताईंना दर वेळी वाकून जो जड ट्रे उचलावा लागे तो त्यांनी काढला, तो आपोआप वर यावा म्हणून एक दांडा काढला. दांडा लांबत गेला, पिवळी रेघ ओलांडून पार माझ्या बुटांपर्यंत आला. तिथे ते थांबले. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि खडू मला दिला. "बाकीचं तुमी काढा. मला आता मेंढरं बघायची हायेत."

मामा पिशोरला निघाले. त्याच दिवशी पाळी संपताना पुसायचं यंत्र आलं. चौकोन सोडायचा हे चालवणाऱ्याला माहीत होतं. पण हा दांडा तर रेघेबाहेर आलेला. तो थांबला आणि पुसू का म्हणून त्यानं मला विचारलं. मी त्या दांड्याच्या टोकाशी, जराशी बाजूला उभी होते. काही न बोलता तशीच उभी राहिले. यंत्र घरघरलं आणि मला वळसा घालून पुढे गेलं.

रेखाताई हे बघत होत्या. त्या आल्या, साडीवरचा निळा कोट सावरत चौकोनाशी बसल्या आणि बराच वेळ त्या ट्रेकडे पाहत राहिल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "दांडा हिकडून नाय, तिकडून पायजे. ताई, खडू हाय का?"

माझ्या खिशात होता.