ठीक है, सर

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला आमची वाडी. बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले आणि भातशेतीला लागले, पण फौज काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. आईशी भांडण रंगात आलं की ते हिंदीत शिरायचे. साखरेचा आजार जडला, तरी गोड चहा सुटला नाही. बोलायला जावं तर वर आम्हालाच शहाणपण शिकवायचे.

गेल्या वर्षी लावणीत त्यांच्या तळपायात काटा मोडला. जखम भरेना. रात्री पोटरीत अशी कळ यायची, की पाय खाटेखाली लोंबते ठेवून ते बसून राहायचे. शेवटी मी त्यांना महाडला एका खासगी डॉक्टरांकडे नेलं. तिथे बाबांचं तोंड जे सुटलं! "झोप नाय, कळ जीव घेते. तुमच्या गोळ्या काय चाटू?"

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. रात्रीची कळ म्हणजे पायाला रक्त पोचत नाही, म्हणाले. नुसत्या मलमपट्टीने भागणार नाही. इथे दाखल व्हा, नाहीतर लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्या, उशीर झाला तर पाय जाईल.

"इथं नाय," बाबा बाहेर येऊन म्हणाले. "पुण्याला मिलिटरी हॉस्पिटल हाय ना! तिथं आपली माणसं हायत."

मलाही ते पटलं. उमेदीची सगळी वर्षं जिथे घातली, तिथेच जावंसं वाटणार. दुसऱ्याच दिवशी आम्ही घाट चढून पुणं गाठलं.

तिथले डॉक्टर गणवेशात होते, वयाने माझ्याहून लहान. त्यांना बघताच बाबा ताडकन उठले आणि त्या जखमी पायावर, टाचा जुळवून उभे राहिले.

"कैसे हो, हवालदार साहब?"

"ठीक है, सर. मामूली ज़ख़्म है."

"रात को पैर में दर्द?"

"नहीं, सर."

मी थक्क झाले. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागले, की हे रात्र रात्र बसून काढतात. महाडच्या डॉक्टरांचं सांगणार, तोच बाबांनी माझ्याकडे न बघताच मला तोडलं. "बेटी है, सर. घबराती है." डॉक्टरांनी जवानाच्या शब्दावर विश्वास ठेवला. पट्टी बदलली, गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी पुन्हा या म्हणाले.

परतीच्या एसटीत मी बाबांशी कडाकडा भांडले. खोटं का बोललात?

"साहेबापुढं रडगाणं गायचं नाय, गो. जो रोज सकाळी दुखतंय सांगून डॉक्टरकडं जाई, त्याला पलटण कामचोर म्हणायची." जणू ती पलटण मागच्या सीटवर बसली होती, अशा दबक्या आवाजात ते बोलत होते. मला त्या पलटणीचा भयंकर राग आला.

पुन्हा पुण्याला नेलं तेव्हा पाऊल काळं पडलं होतं. गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

ऑपरेशननंतर तेच डॉक्टर खाटेशी आले. चेहरा उतरला होता त्यांचा. "दर्द है?" त्यांनी विचारलं. बाबांनी पडल्या पडल्या सॅल्यूट केला. "नहीं, सर. ठीक है."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले, तसं बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "जाम दुखतंय गो," ते पुटपुटले. मी डॉक्टरांना हाक मारायला उठू लागले, तर बाबा मनगट सोडेनात.